ऋचाचा हक्क

कोर्टातून घरी येताच कुमुदने निरांजन लावलं आणि पडद्यावरच्या लेकीला ओवाळलं. अपघातात गेलेली ऋचा सहा वर्षं यंत्रात जगत होती. ते यंत्र चालवणाऱ्या कंपनीने तिला पुसून टाकू नये म्हणून कुमुद भांडत राहिली. ऋचा माणूस आहे, तिच्यावर फक्त तिचा स्वतःचा हक्क आहे, हे आज कोर्टाने मान्य केलं.

"आई, आता माझं मीच ठरवायचं ना?"

"हो गं! कुणाची हिंमत आहे तुला अडवायची?"

"मग मला बंद व्हायचंय. खूप दमलेय गं. तू लढत होतीस, म्हणून बोलले नाही. मी जाते."

ओठांवर आलेलं 'नको' कुमुदने गिळलं.

"जाते म्हणू नये, बाळा," ती कशीबशी म्हणाली. "येते म्हणावं."

"येते, आई," ऋचा म्हणाली आणि पडदा काळा झाला.