बाबांचा ओके

"ओके," बाबा म्हणाले, आणि निशिगंधाने आईकडे पाहिलं.

"पडदा ओढ म्हणतायत. ऊन येतंय डोळ्यांवर," उर्मिला म्हणाली.

निशिगंधाने पडदा ओढला. "ओके," बाबा पुन्हा म्हणाले. हा वेगळा होता. बस झालं, असा. एवढं आता तिलाही कळायला लागलं होतं.

गेल्या वर्षी बाबांना, हरिश्चंद्रांना, अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा मात्र गेली. उरला एकच शब्द, आणि तोही इंग्रजी. चहा हवा, ओके. गुडघा दुखतोय, ओके. शेजारचे गुप्ताजी दारातून "कैसे हो भाईसाब?" म्हणाले, ओके. मुलगा भूपेश बातम्या बघून तावातावाने बोलायला लागला की त्यालाही ओके, पण तो 'पुरे कर बाबा' या चालीचा. जन्मभर मिठागरात आणि शेतात काढलेला हा माणूस, आणि त्याचा सगळा संसार आता या दोन अक्षरांवर चालला होता. बरं, गप्प म्हणून राहायचे नाहीत. काही विचारा, ओके यायचाच.

बोलणं शिकवायला एक मॅडम यायच्या, त्यांना उर्मिलाने दिवाळीआधीच बंद केलं. "दमतात ते," म्हणाली. दुपारी बाबांना स्वतः जेवू घालायची, दार लावून, टीव्ही मोठ्याने लावून. आवाजाने मेंदूला चालना मिळते म्हणे.

निशिगंधाला आज सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. भांडी घासून झाली तरी ती परत घासत होती. डोंगरीहून बाबांचे धाकटे भाऊ लवूकाका येणार होते, आणि आज तिच्या लग्नाचं काय ते ठरणार होतं.

धर्मेश गुजराती. हाटकेशला त्याचं खोकी बनवायचं छोटं युनिट. मुलगा सरळ, निर्व्यसनी, पण जातीबाहेरचा. बाबांनी भर भावकीसमोर, हातात विड्याचं पान घेऊन "नाही" म्हटलं होतं. त्यांच्यात घरातल्या मोठ्याने पान हातात घेऊन दिलेला शब्द फिरवत नाहीत. फिरवला तो माणूस भावकीतून उतरला, त्याला मग कुणी विचारत नाही. आणि त्यानंतर आठवड्याभरातच झटका.

"तुझ्यामुळे झालं," भूपेशने बहिणीला एकदाच ऐकवलं होतं. एकदा पुरलं. तेव्हापासून बाबांच्या प्रत्येक ओकेत तिला तोच राग ऐकू यायचा. तरी धर्मेशला सोडवत नव्हतं. त्याची आई आता दुसऱ्या मुली बघायला लागली होती. आज नाही झालं तर संपलंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

लवूकाका आले, पाणी प्यायले, आणि सरळ मुद्द्यावर आले. "वहिनी म्हनते, पोरीचा परत इचार करू."

"विचार कसला?" भूपेश म्हणाला. "बाबा नाही म्हणालेत. पान घेऊन."

"आजाराआधीचा शब्द आजारासंगती गेला. देवानी त्याला आता नवीन तोंड दिलाय. त्याला परत इचारायला काय जाते?"

"ते काहीही विचारलं तरी ओकेच म्हणणार, काका. आणि मग आई अर्थ सांगणार तिच्या मनासारखा."

उर्मिलाने पदर खोचला आणि ती आपणहून स्वयंपाकघरात निघून गेली.

काकांनी हरिश्चंद्रांच्या हातात विड्याचं पान ठेवलं. "दादा, नीट आयक. निशीला त्या धर्मेशला देऊ?"

"ओके," बाबा म्हणाले.

"बघा," भूपेश म्हणाला. "आता उलट विचारा."

काकांनी पान बाबांच्या मुठीत नीट बसवलं. मग त्यांनी विचारलं, "दादा, नको देऊ?"

निशिगंधा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आता येईल ओके, तिला वाटलं, आणि सगळं मुसळ केरात जाईल.

बाबा गप्प.

"दादा, नको म्हनू का त्यांना?"

बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. ओठ घट्ट मिटलेले. काकांनी पुन्हा विचारलं, तरी नाही. मग भूपेशने स्वतः गुडघ्यांवर बसून विचारलं, "बाबा, नाही सांगायचं ना?" त्यालाही उत्तर नाही. झटक्यानंतर पहिल्यांदाच हा माणूस ओके म्हणायला तयार नव्हता.

काकांनी पुन्हा पहिला प्रश्न विचारला. "धर्मेशला देऊ?"

"ओके."

भूपेश उठला. "ठीक आहे," शेवटी म्हणाला. "त्यांना कळतंय सगळं. आता माझं काही म्हणणं नाही."

निशिगंधा बाबांच्या पायांवर डोकं ठेवून रडली. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हळूच ओके म्हणाले. याचा अर्थ तिने आईला विचारला नाही. वर्षभराचं छातीवरचं ओझं उतरलं होतं. धर्मेशला फोन लावायला ती गच्चीवर पळाली. भूपेश काकांना रिक्षापर्यंत सोडायला गेला.

उर्मिला ताट घेऊन खोलीत आली. दार लावलं, टीव्ही मोठा केला, भात कालवून घास पुढे केला.

हरिश्चंद्रांनी तिचा हात धरला. डोळे भरून आले होते. "लग्न लागेपर्यंत गप्प बसेन," ते म्हणाले, "पण पाठवणीला तरी मला पोरीशी दोन शब्द बोलू दे ग."