रायटरविना
निवडणुकीमुळे अंध अनंताच्या कॉलेजने शेवटचा पेपर पुढे ढकलला आणि नेमका त्याच दिवशी शेजारच्या रूपाचा पनवेलला अकरावीचा पेपर आला. रायटर म्हणून त्याचे सगळे पेपर, तो सांगेल तसे, तीच लिहायची. "ऐनवेळी रायटर बदलायचा नियम नाही," ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "पण हॉलमध्ये बस, नाहीतर गैरहजेरी लागेल." तो जाऊन बसला. सुपरव्हायजर सरांनी प्रश्न तेवढे वाचून दाखवले. कोऱ्या उत्तरपत्रिकेवर हात ठेवून अनंता सवयीने पहिलं उत्तर पुटपुटू लागला, रूपाला सांगायचा तसंच, वाक्यावाक्याला थांबत. मागच्या बाकावर कुणाचं तरी पेन सरसर चालायला लागलं. तो थांबला की तेही थांबायचं. अनंताला बरं वाटलं. आवाज आपोआप मोठा झाला. सर धावत आले. "तोंड बंद ठेव! तुझ्यावरच कॉपीची केस करीन." त्याने ओठ मिटले. पुढच्या वाक्यासाठी मागचं पेन बाकावर टकटकत राहिलं.