व्याह्यांचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटरने पुन्हा लांबलचक शिट्ट्या मारायला सुरुवात केली आणि भटू पाटलांनी मान खाली घातली.

"पडद्यावर काहीच येत नाही. मेमरीचा घोळ दिसतो," रुपचंद म्हणाला आणि त्याने बटण बंद केलं.

भटू पाटील शिंदखेड्याकडून पहिल्या एस.टी.ने जळगावला आले होते. आदल्या दिवशी गावातल्या किराणा दुकानात त्यांच्यासाठी फोन आला होता. फोनवर व्याही होते, चुडामण नाना. "तुमच्या मुलीने आमच्या कॉम्प्युटरची वाट लावली. येऊन बघा एकदा." मुलीच्या बापाला एवढं पुरतं. स्टँडवर उतरून ते आधी दुरुस्तीच्या दुकानात गेले, रुपचंदला गाठलं आणि रिक्षात घालून सोबतच घेऊन आले. लेकीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं. या वेळी त्यांनी शेंगांच्या पिशवीबरोबर मेकॅनिकही नेला.

आता ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांची लेक सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दसऱ्यापासून तिला त्या टेबलाजवळ जायची बंदी होती. लग्नाआधी तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि कॉलनीतल्या पोरांचे नोकरीचे अर्ज ती घरबसल्या टाईप करून द्यायची. त्यापायीच, कुणाकुणाच्या फ्लॉप्या घालून घालून, तिने मशीन बिघडवलं असा नानांचा निकाल होता. नानांच्या निकालावर त्या घरात अपील नव्हतं.

"दिवसभर खडखड, खडखड," नाना सांगत होते. "यंत्राला काही विसावा नको? उभा जन्म मी दालमिलमध्ये फिटर होतो, भटूभाऊ. यंत्र कसं सांभाळायचं ते मला कोणी सांगायला नको."

"चूक व्हयनी, नाना," भटू पाटील म्हणाले. आल्यापासून ते एवढीच माफी मागत होते.

रुपचंदने कव्हर काढलं. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढून त्याने नुसत्या दुसरीवर मशीन चालवून पाहिलं. शिट्ट्या. मग ती काढून पहिली लावली. पुन्हा शिट्ट्याच. त्याने खिशातून खोडरबर काढला आणि पट्टीच्या कडेचे सोनेरी दात घासायला घेतले. घासता घासता तो थांबला. खोडरबर लाल झाला होता.

त्याने बॅटरीचा झोत पट्टीच्या खाचेत टाकला, चिमटा घातला आणि तांदळाचा एक लाल दाणा बाहेर काढून तळहातावर ठेवला.

"अक्षता," तो म्हणाला आणि हसू लागला. "खाचेत सगळं हळदकुंकू वाळून बसलंय. लोक वरून फूल वाहतात हो, नमस्कार करतात. कव्हर काढून पूजा कोणी केली?"



मिलमध्ये खंडेनवमीला नाना मोटारीचं कव्हर खोलून आत कुंकू लावायचे. वरच्या पत्र्याला बोट लावून यंत्राला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं असे. या नवमीला त्यांनी स्वतःच्या पेचकसाने कॉम्प्युटर खोलला होता आणि दिसेल त्या भागाला ओलं कुंकू लावलं होतं. पूजेचं ताट धरून सुनंदाच शेजारी उभी होती. "नाना, आत ओलं नका लावू," ती हळूच म्हणाली होती. "आता तू मला पूजा शिकवणार का?" असं त्यांनी विचारलं होतं. तेव्हापासून ती त्या विषयावर बोलली नव्हती. नवऱ्याजवळ नाही, शेजारीपाजारी नाही, आणि सासऱ्यांनी फोन करून तिच्या बापाला बोलावलं तेव्हाही नाही.

नानांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लाज तर वाटलीच, पण त्याहून मोठी भीती वाटली, की सून आता बोलेल. त्यांनी दाराकडे पाहिलं. सुनंदा त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती बापाकडे पाहत होती.

भटू पाटलांनी रुपचंदच्या तळहातावरचा दाणा पाहिला, मग नानांचा चेहरा पाहिला. घरात पूजा कोण करतं, हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

"मनी पोरनीच टाकेल व्हई," दोष लेकीच्या नावावर घेत ते म्हणाले. "लहानपनपाईन तिले देवनं भारी येड शे. माफ करा, नाना." आणि उठून त्यांनी हात जोडले.

"नाही हो, भटूभाऊ," नाना म्हणाले आणि तेही उठले. 'मीच लावलं,' हे पुढचं वाक्य फार लहान होतं, पण ते बाहेर आलं नाही. निदान ते जोडलेले हात तरी सोडवावेत म्हणून नानांनी पुढे होऊन ते धरले. भटू पाटलांनी उलट नानांचेच हात आपल्या हातांत घेतले आणि कपाळाला लावले.

"तुमनं मन मोठं शे, नाना. पोर तुमना घर सुखमा शे मनी."

रुपचंदने खाच पुसून पट्ट्या बसवल्या आणि बटण दाबलं. एकच बारीक शिट्टी झाली आणि पडदा उजळला. "झालं बघा," तो म्हणाला. त्याला दुसऱ्या घरी जायची घाई होती.

सुनंदा दारातून दोन पावलं पुढे आली.

"नाना, मी हात लावला तर चालेल का आता?"

नानांचे हात अजून व्याह्यांच्या हातांत होते.

"लाव," ते म्हणाले. तेवढंच त्यांच्या तोंडून निघालं.