चौथा कप

ग्वांगचौ बघून पायांचे तुकडे पडले, तेव्हा क्वायलान, यिन आणि मी नदीकाठच्या चहाघरात टेकलो. वेटरने कप मात्र चार मांडले.

"चौथी कोण गं? तुझी सासू?" क्वायलान मला म्हणाली.

मीही चेष्टेने चौथा कप भरला आणि किटली माझ्यापाशी ठेवली. कुणी चहा ओतला की आमच्याकडे टेबलावर दोन बोटं वाजवून आभार मानतात.

रिकाम्या खुर्चीपुढे टकटक झाली.

"यिन, पुरे हं!" मी दटावलं.

"मी कुठे? माझ्या दोन्ही हातांत कप आहे, बाई."

खुर्चीकडे बघवेना, म्हणून मी नदीकडे तोंड फिरवलं. माझ्या कपात चहा पडल्याचा आवाज आला. सवयीने माझी दोन बोटं वाजली.

मग मी वळले. दोघींनी तोंडावर हात दाबले होते. किटली रिकाम्या खुर्चीपुढे होती.