पहिला नंबर

“सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही,” पेजेत कांद्याच्या टरफलांची पूड ढवळत भिकाजीतात्या म्हणाले, “पण आज जांभळ्या चक्कीवर माझा पहिला नंबर लागला!”

अंथरुणावर बसलेल्या त्यांच्या बायकोनं, गोदाक्कांनी, तोंड फिरवलं. तापात त्यांच्या तोंडाची चव गेली होती. सगळं मातीसारखं लागतं म्हणून त्यांनी जेवणच टाकलं होतं. आता सगळी भिस्त या पुडीवर होती. पिठाच्या गिरणीशेजारच्या प्लाझ्माच्या चक्कीत टरफलांवर थंड, जांभळी वीज खेळवली, की त्यांतलं औषधी सत्त्व कैक पटींनी वाढे.

“चक्की धुऊन पुसून लख्ख! त्यात पहिली टरफलं आपली. वीज अशी कडाडली, की गिरणीवाल्याच्या कोंबडीनं जांभळं अंडं घातलं.”

सून खुदकन हसली. गोदाक्कांनी मुकाट्यानं एक घोट घेतला. थांबल्या. मग स्वतःहून दुसरा घेतला.

“खोटं!” त्या कडाडल्या. “पहिला नंबर म्हणे! तुमच्या आधी कुणीतरी लसणाची टरफलं घातली होती चक्कीत. पेज नुसती लसूण लसूण लागतेय!”

तात्यांनी हसत हुश्श केलं.

“आणि हसताय काय? मीठ आणा आधी, अळणी आहे.”