चौथा ढीग

बाहत्तरच्या दुष्काळात केवळाबाई उदगीरहून दूरच्या या कोळशाच्या खाणीवर टोपल्या वाहायला आली होती. आता खाण बंद होती. नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेऱ्यांसाठी विटा भाजायच्या म्हणून खाणीबाहेर टाकलेला हलका कोळसा उचलायचा ठरला. जुने ढीग दाखवायला मोजणीदारानं तिला आणलं. तीन तिनं दाखवले. चौथ्यापाशी म्हणाली, “ह्यो मातीचा हाय.” त्यानं काठीनं उकरलं. कोळसा चमकला. त्यानं नकाशावर चौथी फुली मारली. “सायेब, ह्यो भट्टीत घालू नका. माझं महिन्याचं लेकरू हाय ह्यात. भुई लई कडक व्हती, हितंच उकरता आलं. तान्ह्या लेकराला पुरतेत, जाळत न्हाईत.” तो खाली बघत म्हणाला, “जागा दाखवा, तेवढी सोडतो.” ती ढिगावर चढली, थांबली. “खुणेला दगड ठेवला व्हता. दुसऱ्या दिवसापासून मुकादमानं हितंच टोपल्या ओतायला लावल्या. त्यो दगड मीच बुजवला.”