कण्यावरची चिठ्ठी

नवं पुस्तक कुठल्या कपाटात जाणार, हे ग्रंथालयात वर्गीकरणवाल्या बाई ठरवत, आणि त्यांनी ठरवलं की ती काळ्या दगडावरची रेघ. आज सकाळीच एका बाईचं आत्मचरित्र आलं होतं. नवऱ्याने तिला वर्षानुवर्षं माडीवर कोंडून ठेवलं होतं म्हणे. "काहीतरीच!" म्हणत बाईंनी आपल्या टपोऱ्या अक्षरात 'कादंबरी' अशी चिठ्ठी लिहिली आणि पुस्तकाच्या कण्यावर चिकटवून टाकली.

दुपारी त्या लेखिकेची मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, आई हयातभर सांगत राहिली, पण कुणी खरं मानलं नाही. निदान इथे तरी तिला खोटं पाडू नका."

"अगं, चरित्रांच्या कपाटात भलीभली माणसं आहेत. तिथे कुणालाही कसं बसवू?" पण तिचा चेहरा बघून बाई विरघळल्या. "बरं बाई, तू जिंकलीस."

त्यांनी नखाने चिठ्ठी सोलली. खाली आणखी एक चिठ्ठी होती, 'कादंबरी'. अक्षर त्यांचंच, शाई मात्र जुनी. तीही सोलली, तर खालून पिवळी पडलेली तिसरी निघाली.

"पण पुस्तक तर आजच आलंय," बाई हसून म्हणाल्या. ते हसू त्यांचं त्यांनाच पटलं नाही.

"दर वेळी हेच म्हणता," मुलगी शांतपणे म्हणाली. "आणि मग परत लावता."

"छे! मी आता कशाला लावीन?"

मुलीची नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. चिमटीत नवी चिठ्ठी होती, 'कादंबरी' असं लिहून तयार, आणि शाई अजून ओली होती.